गप्प राहणारा स्टॉपर

फुटबॉलच्या अकरा खेळाडूंत सर्वांत एकाकी कोण, असे विचारले तर बहुतेक जण गोलकीपरकडे बोट दाखवतील. माझे मत थोडे निराळे आहे. गोलकीपरला निदान हात वापरायची मुभा असते, अंगात वेगळ्या रंगाचा शर्ट असतो आणि त्याने झेप घेऊन चेंडू अडवला की टाळ्याही पडतात. त्याच्या पुढ्यात जो उभा असतो, ज्याला आमच्या वेळी मुंबईच्या मैदानांवर ‘स्टॉपर’ म्हणत आणि आता दूरचित्रवाणीवरचे समालोचक ‘सेंटर बॅक’ म्हणतात, त्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. फॉरवर्डने पाच संधी दवडून सहावी साधली, तर दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो. स्टॉपरने एकोणनव्वद मिनिटे सगळे बरोबर केले आणि नव्वदाव्या मिनिटाला त्याचा पाय घसरला, तर गावभर त्याचेच नाव.

१९९४ चा विश्वचषक ज्यांनी रात्र-रात्र जागून पाहिला, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या एका स्पर्धेत दोन स्टॉपरांची दोन आयुष्ये लोकांच्या डोळ्यांसमोर उलगडली. कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार हा सभ्य खेळाडू म्हणून नावाजलेला. २२ जूनला अमेरिकेविरुद्ध बाजूने आलेला चेंडू अडवायला त्याने पाय टाकला आणि चेंडू स्वतःच्याच गोलात गेला. संघ स्पर्धेबाहेर पडला. मायदेशी परतल्यावर तोंड लपवून बसण्याऐवजी त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांसमोर मन मोकळे केले. २ जुलैला मेडेयीन शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. वय अवघे सत्तावीस. दुसरा इटलीचा फ्रांको बारेसी. साखळी सामन्यात गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि महिनाही उलटला नव्हता तोच १७ जुलैच्या अंतिम सामन्यात तो ब्राझीलच्या रोमारिओपुढे उभा राहिला. एकशेवीस मिनिटांत ब्राझीलला एकही गोल करू दिला नाही. मग पेनल्टीची पाळी आली. पहिली पेनल्टी त्याने घेतली आणि चेंडू गोलाच्या वरून गेला. त्या एकशेवीस मिनिटांची आठवण फार थोड्यांना आहे. ती पेनल्टी सर्वांना आठवते.

हे सारे मी जव्हारला बसून का लिहितो आहे, असा प्रश्न वाचकांना पडेल. मुंबईत तिसऱ्या विभागाच्या लीगमध्ये काही वर्षे मी स्टॉपर म्हणून पाय झिजवले. कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहण्यासाठी कचेरीतून लवकर सटकण्याची कारणेही पुष्कळ शोधली. बँकेच्या बदलीने जव्हारला आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. जव्हार म्हटले की लोकांना मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आठवतो, दाभोसाचा धबधबा आठवतो, नाहीतर १९९२-९३ साली वावर-वांगणीत दगावलेली बालके आठवतात. फुटबॉल कोणालाच आठवत नाही, आणि त्यात नवल नाही. हा मुलूख कबड्डीचा. पाड्यापाड्यावर, भाताची खळी रिकामी झाली की रेघा मारून कबड्डी सुरू होते. फुटबॉल इथे खऱ्या अर्थाने आला तो २०१७ च्या सप्टेंबरात. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक त्या ऑक्टोबरात भारतात व्हायचा होता. त्यानिमित्त राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ नावाचा कार्यक्रम काढला, १५ सप्टेंबरला राज्यभर मुलांना मैदानात उतरवले आणि शाळांना चेंडू वाटले. सरकारी कार्यक्रम एका दिवसाचा असतो, पण चेंडू काही दिवस टिकतो. आमच्याकडच्या शाळांत तो टिकला. काही ठिकाणी पंक्चर काढकाढून टिकवला गेला.

तेव्हापासून जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतल्या शाळांच्या मैदानांवर मी संध्याकाळी जाऊन उभा राहतो. मैदान म्हणजे काय, तर एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला उतार. पावसाळ्यात चेंडू चिखलात रुतून बसतो आणि एप्रिलमध्ये त्याच जमिनीवरून असा उसळतो की चांगला खेळाडूही फसावा. मुले बहुतेक अनवाणी. त्यांचा दम पाहिला की कोणीही चकित व्हावे. तासभर पळून धाप लागत नाही, आपटले तर उठतात, गुडघा सोलवटला तर थुंकी लावून पुन्हा पळतात. पाहुणे येतात, वह्या-दप्तरे वाटतात, मुलांचा खेळ पाहतात आणि जाताना हमखास एक वाक्य बोलतात, “ही पोरं मुळातच काटक हो! मानसिक ताकद यांच्या रक्तातच आहे.”

या वाक्याशी माझे भांडण आहे. आजचा लेख खरे म्हणजे त्या भांडणापोटीच.

काटकपणा आणि मानसिक बळ या दोन गोष्टी एक नव्हेत. आमच्या डोंगरापलीकडे, नाशिक जिल्ह्यात, सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकली आणि सगळा महाराष्ट्र तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणू लागला. लहानपणी ती डोंगर उतरून पाणी भरायची, हे तेव्हा जो तो कौतुकाने सांगे. जणू पाणी भरता भरताच ती धावपटू झाली! अहो, हंडे वाहून धावपटू घडत असते तर मोखाड्यातून दर चार वर्षांनी ऑलिम्पिकचा अख्खा संघ निघाला असता. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. कविता घडली ती तिच्या जिद्दीने आणि नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक लाभला म्हणून. टंचाईचे श्रेय टंचाईला देऊ नये. तसे दिले की टंचाई दूर करण्याची निकड आपोआप कमी होते, आणि पाहुण्यांना घरी जाऊन निवांत झोप लागते.

आणि धावणे तरी बरे. तिथे माणूस आपल्यापुरता सोसतो, आपल्यापुरता पळतो. स्टॉपरला नुसते सोसून भागत नाही.

स्टॉपरचे खरे काम काय, ते फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर सगळ्यांत मागे असल्यामुळे सगळा खेळ ज्याला दिसतो असा, गोलकीपर सोडल्यास, तो एकच. बाकीच्यांची तोंडे चेंडूकडे. पाठीमागून कोण येतो आहे, डावीकडचा भिडू कुठे गाफील आहे, बचावाच्या फळीने दोन पावले पुढे सरकायचे की मागे यायचे, हे त्याला दिसते, आणि दिसते म्हणून सांगावे लागते. तेही ओरडून, क्षणात आणि चुकीला वाव न ठेवता. ऑफसाइडचा सापळा म्हणतात तो असाच लागतो. एकाने हाक दिली की चौघांनी एकाच वेळी पुढे सरकायचे. हाक अर्ध्या सेकंदाने उशिरा आली, तर समोरचा फॉरवर्ड मोकळा. मुंबईच्या मैदानावर आमच्या हाका ठरलेल्या असत. ‘सोड, माझा’, ‘मागे बघ’, ‘वर या’, ‘वेळ आहे’. चांगला स्टॉपर नव्वद मिनिटे बोलत असतो. सामना संपल्यावर पायाआधी त्याचा घसा बसतो.

कबड्डीत दोन भिडू हातात हात घालून साखळी करतात. मधल्याने हात दाबला की कोपऱ्यातल्याला कळते, आता झेप घ्यायची. आमची मुले यात तरबेज. एक शब्द न बोलता ती चढाई करणाऱ्याला असे घेरतात की पाहत राहावे. तारपा नाचातही तेच. एकमेकांच्या कमरेला हात घालून रांग फिरत असते, पुढचा घुंगरकाठी आपटतो आणि तारप्याचा सूर बदलला की सगळी रांग वळते. म्हणजे एकमेकांच्या हालचालीवर लक्ष ठेवणे, एका इशाऱ्यावर सगळ्यांनी वळणे हे या मुलांना शिकवायला कुणा बाहेरच्या प्रशिक्षकाची गरज नाही. फुटबॉलमध्ये मात्र चार भिडूंमध्ये दहा-दहा, पंधरा-पंधरा पावलांचे अंतर असते. हात पोचत नाही. तिथली साखळी जिभेने बांधावी लागते.

आणि नेमके इथेच आमच्या मुलांचे घोडे पेंड खाते.

एका शाळेतला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे. उंच, शांत, खेळाची विलक्षण समज असलेला. चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळे. समोरच्याने पाय उचलायच्या आत हा तिथे हजर. तो ज्याच्याकडे लक्ष देई त्याला काही करता येत नसे. पण बाजूचा भिडू चुकतो आहे हे त्याला दिसे आणि तो गप्प राही. तो स्वतः धावत जाई, दोघांचे काम एकटा करी आणि मग त्याची मोकळी पडलेली जागा साधून समोरचे गोल करीत. “अरे, त्याला हाक का नाही मारलीस?” असे विचारले की मान खाली. खूप दिवसांनी एकदा तो म्हणाला, “सर, ओरडलो तर मारतील ना.” कोण मारील, ते त्याने सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती.

शाळेत, वसतिगृहात आम्ही या मुलांना पहिल्या दिवसापासून काय शिकवतो? रांगेत उभे राहा. हाताची घडी, तोंडावर बोट. ताट घेऊन गप्प बसा. पाहुणे आले की म्हणायचे, ‘नमस्ते’, आणि पुन्हा गप्प. यालाच आपण शिस्त म्हणतो आणि तिचे कौतुक होते. त्यातून ही मुले घरी वारली बोलतात, कोकणी बोलतात, कातकरी बोलतात. इथे ‘कोकणी’ म्हणजे गोव्याची नव्हे, कोकणा समाजाची बोली. पहिलीच्या वर्गात पाऊल टाकले की पुस्तकातली मराठी समोर येते. ज्या भाषेत त्यांना हसू येते, राग येतो, भावंडांशी भांडता येते, ती भाषा वर्गात ‘अशुद्ध’ ठरते. तोंड उघडले की कोणीतरी दुरुस्त करणार किंवा कोणीतरी हसणार. मग शहाणे मूल काय करते? गप्प राहते. आठ-दहा वर्षे गप्प राहण्याचा सराव झालेल्या मुलाला आपण मैदानावर मागे उभे करतो आणि म्हणतो, चल, दहा जणांना हुकूम सोड!

म्हणून मी म्हणतो, नेतृत्वाचे बळ सोसण्यातून येत नाही. आपण बोललो तर कोणीतरी ऐकते, हा अनुभव गाठीशी असावा लागतो. ज्या मुलाचे घरी, शाळेत, वर्गात कधीतरी ऐकले गेले आहे, तोच मैदानावर ‘माझा!’ म्हणून ओरडू शकतो. तो एक शब्द उच्चारण्यासाठी चेंडू आपला असू शकतो यावर आधी विश्वास बसावा लागतो.

आपल्याकडे कणखर बचावपटू म्हटले की जुन्या पिढीला जर्नेलसिंग आठवतो. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून फॉरवर्डमध्ये खेळवले आणि अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध त्याने गोल केला. भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले. कहाणी रोमांचक आहे यात शंका नाही. पण रक्ताळलेल्या पट्टीच्या चित्राने आपले डोळे इतके दिपले आहेत की कणखरपणा म्हणजे जखम अंगावर वागवणे, अशी आपली समजूत झाली आहे. मला स्वतःला त्यापेक्षा अलीकडचे, आपल्याच मुंबईचे एक उदाहरण अधिक बोलके वाटते.

राहुल भेके हे नाव घराघरात पोचलेले नाही. क्रिकेटच्या या राज्यात ते पोचणार तरी कसे! इंडियन सुपर लीगचा १७ मार्च २०१९ चा अंतिम सामना मुंबईत अंधेरीच्या मैदानावर झाला. बंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळेतही गोल होईना. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला बंगळुरूच्या या मुंबईकर बचावपटूने डोके लावले आणि विजेतेपद ठरले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई सिटीसाठी त्याने पुन्हा असाच हेडर मारला. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. पण मला सांगायचे आहे ते या गोलांबद्दल नाही. २०२४ साली तो मुंबई सिटीचा कर्णधार होता. १५ एप्रिलला कोलकात्यात मोहन बागानशी नुसती बरोबरी झाली असती तरी लीगचे विजेतेपद मुंबईचे होते. मुंबई १-२ अशी हरली. नऊ दिवसांनी गोव्यात उपान्त्य सामना. नव्वद मिनिटे होत आली तरी मुंबई दोन गोलांनी मागे. आणि तिथून भरपाईच्या वेळेसकट सहा-सात मिनिटांत मुंबईने तीन गोल केले. ४ मेला अंतिम सामना पुन्हा कोलकात्यात, त्याच मैदानावर, त्याच मोहन बागानशी. मध्यंतराला मुंबई एका गोलाने मागे, आणि शेवटी ३-१ ने विजयी. तिन्ही सामन्यांतले गोल पुढच्या खेळाडूंनी केले, हे उघडच आहे. पण गोल खाल्ल्यानंतरच्या मिनिटाला मागची फळी विस्कटली असती, तर पुढच्यांना गोल करायला वेळच मिळाला नसता.

गोलनंतरचे ते मिनिट! फुटबॉलमध्ये माझ्या मते सर्वांत अवघड मिनिट तेच. मग गोल आपण खाल्लेला असो की केलेला असो. २०१७ च्या त्याच कुमार विश्वचषकात ९ ऑक्टोबरला दिल्लीत भारत-कोलंबिया सामना होता. भारताच्या त्या संघात अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे नावाचा बचावपटूही होता. ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने बरोबरीचा गोल केला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिलावहिला गोल. सगळे स्टेडियम उभे राहिले. आमच्या इथे शाळेच्या एका टीव्हीसमोर साठ-सत्तर मुले नाचत होती. ती नाचत असतानाच ८३ व्या मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. कोवळी मुले ती, त्यांना कोण दोष देणार? पण मुलांना मी नंतर विचारले, की त्या मिनिटात काय व्हायला हवे होते? एका पोराने अचूक सांगितले, “कोणीतरी ओरडायला पाहिजे होतं, जागेवर जा म्हणून.”

एक उदाहरण मात्र मी आमच्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगतो. २०२२ च्या ऑक्टोबरात मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. यजमान संघाची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, बचावपटू. ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरला अमेरिकेने भारताचा ८-० असा धुव्वा उडवला. आठ गोल! प्रत्येक गोलनंतर चेंडू मध्यावर न्यायचा, बाकीच्या दहा जणींच्या तोंडाकडे पाहायचे आणि पुन्हा उभे राहायचे, हे आठ वेळा. वय अगदी कोवळे. तीन दिवसांनी मोरोक्कोशी सामना झाला आणि मध्यंतरापर्यंत त्या संघाने एकही गोल होऊ दिला नाही. सामना ०-३ असा गमावला, पुढे ब्राझीलशीही हरल्या. पदकांच्या हिशेबात याची नोंद शून्य. माझ्या हिशेबात मोरोक्कोविरुद्धची ती पहिली पंचेचाळीस मिनिटे हा त्या स्पर्धेतला भारताचा सर्वांत मोठा पराक्रम.

याच अष्टमची दुसरी हकीकत त्या दिवसांत पेपरात आली होती. कर्णधाराचे गाव म्हणून प्रशासनाने तिच्या घराकडे जाणारा रस्ता करायला घेतला आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचे आई-वडील अडीचशे रुपये रोजाने मजुरी करत होते. लेकीच्या नावाने रस्ता होतो आहे आणि त्यावर खडी टाकतात ते तिचेच आई-बाप! मोखाड्याच्या माणसाला ही बातमी वाचून आश्चर्य वाटत नाही. तो फक्त विचारतो, रोज वेळेवर मिळाला का?

झारखंडचेच आणखी एक नाव इथे घ्यायला हवे, खेळ वेगळा असला तरी. १९२८ साली ॲमस्टरडॅमला गेलेल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा हेही बचावपटूच. पुढे ते संविधान सभेत गेले आणि तिथे आदिवासींच्या बाजूने खणखणीत बोलले. मैदानावर मागे उभे राहून सगळा खेळ पाहायची सवय त्यांना सभागृहात उपयोगी पडली असेल का? मला तसे वाटते. पुरावा काही नाही.

मग करायचे काय? मोठ्या योजना सुचवण्याचा माझा वकूब नाही आणि योजनांचे इथे काय होते हे मी पाहिले आहे. मैदानापुरते सांगतो. आम्ही मुलांना सांगितले की हाका तुमच्या बोलीत द्या. शुद्ध-अशुद्ध काही नाही. समोरच्या संघाला कळल्या नाहीत तर उलट फायदाच! पहिले काही दिवस सगळे लाजून हसत होते. मग एकेक शब्द ठरले. कोणी गुरे वळताना घालायची साद घेतली, कोणी रानात एकमेकांना शोधताना देतात ती कुकारी घेतली. डोंगरात या टेकडीवरून त्या टेकडीवर पोचणारा आवाज यांच्याकडे होताच, तो शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यायची सवय लागली होती इतकेच. आता सामन्यात असा काही गलका असतो की शहरातून आलेल्या एका पंचाने तंबीच दिली, “ओरडू नका.” वास्तविक आपल्या भिडूला हाक मारण्यास फुटबॉलच्या नियमात कोणतीही मनाई नाही. समोरच्याचे लक्ष विचलित करण्यासाठी ओरडणे तेवढे निषिद्ध आहे. पंचांना हे अदबीने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, हा त्यांचा मोठेपणा.

दुसरी गोष्ट, सराव संपल्यावर पाच मिनिटे गोल करून बसायचे आणि ज्याने गोल खाल्ला त्याने सांगायचे, काय झाले. बाकीच्यांनी मध्ये बोलायचे नाही. मोठ्यांनी तर नाहीच. पहिल्या महिन्यात ही पाच मिनिटे निव्वळ शांततेत जात. आता पंधरा मिनिटांवर जातात आणि स्वयंपाकघरातून जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठत नाही.

यात एक गोष्ट मला अनपेक्षित होती. मुलांपेक्षा मुली लवकर बोलत्या झाल्या. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. आई-बाप कामावर गेले की पाठच्या तीन-चार भावंडांना सांभाळणारी, कोणाला जेवू घालायचे, कोणाला विहिरीपासून दूर ठेवायचे, कोणाच्या पाठीत धपाटा घालायचा हे ठरवणारी घरची मोठी पोरच असते. म्हणजे स्टॉपरचे काम ती सहाव्या-सातव्या वर्षापासून करते आहे. फक्त त्याला कोणी खेळ म्हटले नव्हते.

खरी अडचण पुढेच आहे. स्टॉपर एका दिवसात तयार होत नाही. तिला आपली जोडीदारीण कळायला दोन-तीन वर्षे लागतात. ती कुठल्या पायावर कच्ची आहे, घाबरली की कुठे सरकते हे हळूहळू कळते. आणि आमच्याकडे भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात. माणसे भिवंडी, वसई, वाड्याकडे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. आश्रमशाळा निवासी आहे, मुलांनी तिथे राहावे अशीच व्यवस्था आहे. पण भट्टीवर तान्हे पोर सांभाळायला कोणीतरी लागते, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा आठवी-नववीतली मुलगी. आई-बापांना बोल लावण्यात अर्थ नाही. दोघांचे चार हात विटांना लागले नाहीत तर घेतलेली उचल फिटत नाही. दर नोव्हेंबरात माझी बचावाची फळी अशी मधूनच फुटते आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्या हाकेपासून सुरुवात करावी लागते.

सध्या आमच्याकडे नववीतली एक मुलगी स्टॉपर आहे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की मैदानापलीकडे भात लावणाऱ्या बायाही मान वर करून पाहतात. मागच्या सामन्यात गोल खाल्ल्यावर तिने चेंडू स्वतः उचलला, मध्यावर नेऊन ठेवला आणि परत येताना एकेकीच्या खांद्यावर चापट मारत तिला जागेवर उभी केली. हे तिला कोणी शिकवले नव्हते. डिसेंबरात जिल्ह्याचे सामने आहेत. तिच्या पाड्यावर भट्टीचा मुकादम एकदा येऊन गेल्याचे कानावर आले. वडिलांनी उचल घेतली की नाही, ते अजून कळलेले नाही. बाजाराच्या दिवशी ते मोखाड्याला येतात, तेव्हा गाठून बोलायचे ठरवले आहे. मुख्याध्यापकही सोबत येतो म्हणाले. मुलीला विचारले, “तू घरी काही बोललीस का?” ती म्हणाली, “बोलले ना सर. बाबा ऐकून घेत होता.”